मुद्देमाल

तपशील पुढीलप्रमाणे. क्रम लावलेला नाही, जे हाती लागलं ते तसंच नोंदवलं आहे. काळ: दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ जानेवारी १९७६ पासून केबलवाल्याने खिडकीतून काळी वायर आत ओढली तोपर्यंत. काही वस्तू त्यानंतरच्या आहेत. त्या ठेवून घेतल्या.

टीव्हीचं शटर

लाकडी पट्ट्यांचं, मधून दुभंगून दोन्हीकडे सरकणारं. मधोमध कुलूप. वार्षिक परीक्षा आली की किल्ली आईच्या कमरेला. क्राउन, वेस्टन, टेलिव्हिस्टा, डायनोरा, कुठलाही संच घ्या, शटर सरकवलं की खडखडाट ठरलेला. चोरून टीव्ही बघणं त्यामुळे अशक्यच होतं. चोरांच्या मालिका बघायलासुद्धा चोरी जमायची नाही.

गाजर

पंकज पराशर दिग्दर्शित ‘करमचंद’ १९८५ मध्ये आला. पंकज कपूरच्या डोळ्यांवर काळा गॉगल, हातात गाजर. मराठी वाचकाला तोवर ठाऊक असलेला रहस्यकथेचा नायक म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार. देखणा, रुबाबदार, संकटात शीळ घालील असा. हा गडी मात्र समोर प्रेत असताना कच्चं गाजर कुरतडायचा. जोडीला सुष्मिता मुखर्जीची किटी. ती बावळट प्रश्न विचारायची आणि दर भागात तिला गप्प बसवलं जायचं. आज ते बघताना अवघडायला होतं. तेव्हा आमच्या चाळीतला अख्खा मजला एका सुरात तिला गप्प करायचा, त्यात बायकाही.

गाजराची जाहिरात कुणी दिली नव्हती. तरी त्या वर्षी पडद्यावर दिसलेल्या बहुतेक टूथपेस्टींपेक्षा लोकांच्या लक्षात राहिलं ते गाजरच.

काळा फोन

जड. खुनाला वापरता येईल इतका. काही मालिकांत वापरलाही असेल.

भोकात बोट घालून नऊचा आकडा फिरवला की चकती परत जागेवर येईपर्यंत थांबायचं. तेवढ्या वेळात कॅमेरा फोन करणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दाखवून घ्यायचा. रिसीव्हरवर रुमाल धरला की आवाज ओळखू येत नाही, यावर लेखक, दिग्दर्शक आणि प्रेक्षक या तिघांचंही एकमत होतं. घरी करून बघितलं तर आवाज लगेच ओळखू यायचा, पण मालिकेवरचा विश्वास त्याने ढळला नाही.

याच फोनची दुसरी देणगी म्हणजे क्रॉस कनेक्शन. कुणीतरी सहज फोन उचलतं आणि दोन परके आवाज खुनाचा बेत ठरवताना ऐकू येतात. एरवी कुठल्याही गोष्टीत हा योगायोग हास्यास्पद ठरला असता. इथे पटायचा, कारण त्याच आठवड्यात आपल्याही फोनवर कुणा अनोळखी घरातली देण्याघेण्याची बोलणी ऐकलेली असायची. टेलिफोन खात्याचा बिघाड हा रहस्यकथेला मिळालेला फुकटचा कच्चा माल होता. लाइनी सुधारल्या आणि कथानकाची एक अख्खी जात बुडाली.

ट्रंक कॉल याच सदरात. अर्जंट आणि लाइटनिंगसह.

शंभर नंबर

मुंबई दूरदर्शनची मराठी मालिका, ‘एक शून्य शून्य’. पोलिसांना बोलवायचा नंबर हेच नाव. मालिका बी. पी. सिंग यांची. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून छायाचित्रण शिकलेले आणि दूरदर्शनच्या बातम्यांसाठी कॅमेरा घेऊन फिरलेले. त्यामुळे गुन्ह्याची जागा कशी दिसते हे त्यांना माहीत होतं: ती अंधारी आणि गूढ नसते, तिथे ट्यूबलाइट असते, दोरीवर कपडे वाळत असतात आणि जिन्यात बघ्यांची गर्दी असते. मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवर भाग बेतलेले. शिवाजी साटम त्यात होते, तेव्हा सेंट्रल बँकेतली नोकरी सांभाळून काम करणारे. पुढे याच दोघांनी ‘सीआयडी’ केली आणि साटम सगळ्या देशाचे एसीपी प्रद्युम्न झाले.

माझ्या मते ‘सीआयडी’पेक्षा ‘एक शून्य शून्य’ कितीतरी सरस. तिथले पोलीस दमायचे. चहा प्यायचे, कागद शोधायचे, वरिष्ठांसमोर गप्प उभे राहायचे. गुन्हेगारही मोठा बुद्धिमान वगैरे नसायचा. कर्ज, दारू, जागेचा वाद, एवढंच कारण. प्रेक्षकाला भीती वाटायची ती त्यामुळेच. असा माणूस आपल्याही मजल्यावर होता.

नंबरही आता मागे पडला. त्याच्या जागी हळूहळू देशभर ११२ येत गेला. त्या नावाची मालिका निघणं कठीण आहे.

निगेटिव्ह

तपकिरी लिफाफ्यातून यायची. दिव्यासमोर धरली की काळे चेहरे, पांढरे केस. खलनायक फोटो टेबलावर टाकायचा आणि नायिकेचा बाप पहिला प्रश्न विचारायचा: निगेटिव्ह कुठे आहे? सगळं नाट्य त्या पट्टीवर उभं असायचं. ती हाती लागली, काडी ओढून जाळली, की ब्लॅकमेल संपलं. त्या धुराच्या वासात एक घर सुटल्याची खात्री असायची.

आता फोटो जाळता येत नाही. तो आणखी कुठेकुठे आहे हे ज्याने काढला त्यालाही सांगता येत नाही. ब्लॅकमेलला शेवट होता, ही त्या काळाची मोठी चैन म्हणायला हवी.

बिब्ब्याची खूण

हिच्याबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल.

बिब्बा फोडला की आत काळपट चिकट रस असतो. कातडीला लागला तर उततो, फोड येतात. पण कापडावर टेकवला आणि वर चुना लावला की काळी खूण उमटते आणि ती मग कशाने जात नाही, सोडा लावा, भट्टीत घाला किंवा दगडावर आपटा. धोब्यांनी पिढ्यान् पिढ्या हीच शाई वापरली. शर्टाच्या कॉलरच्या आत, पँटच्या कमरपट्टीत, उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यात. अक्षरं क्वचित. दोन उभ्या रेघा आणि एक ठिपका. फुली आणि खाली आडवी रेघ. महालक्ष्मीच्या घाटावर शेकडो घरांचे कपडे एकमेकांत मिसळायचे आणि संध्याकाळी ज्याचे त्याच्या घरी पोचायचे ते या रेघा-ठिपक्यांच्या भरवशावर.

पोलिसांनाही ही खूण वाचता यायची, म्हणजे वाचून घेता यायची. बेवारस प्रेत सापडलं, खिशात काही नाही, चेहरा ओळखू येत नाही, की कॉलर उलटी करायची. मग खूण कागदावर उतरवून धोबी शोधत हिंडायचं. हा धोबी म्हणायचा, आपली नाही, पण अशी रेघ पलीकडच्या गल्लीतला मारतो. असं करत करत मेलेल्या माणसाचं घर सापडायचं. मालिकांनी हे उचललं ते उगाच नाही. पडदाभर कॉलर, कॉलरवर दोन रेघा आणि ठिपका, मागे एक सतार किंवा व्हायोलिन किंचाळणार.

कपड्याचा मालक तो कपडा ओळखणार नाही, पण धोबी ओळखणार. इस्त्रीवाला आता फ्लॅटचा नंबर खडूने किंवा पेनने चिठोरीवर लिहितो आणि टाचणीने टोचतो. मशीनमध्ये कपडे घरच्या घरी धुतले जातात आणि कॉलरच्या आत फक्त कंपनीचं लेबल असतं, हजारो माणसांचं एकच.

ललिताजी

वरच्या कॉलरनंतर लगेच ही यायची हे सोयीचं होतं. निळी पावडर, ठाम आवाज, भाजीवाल्याशी घासाघीस. स्वस्ताईने बाजार मारत सुटलेल्या निरमाला उत्तर म्हणून लिंटासच्या अलेक पदमसींनी सर्फसाठी ही बाई उभी केली. आपल्या आईवरून सुचली असं ते सांगत: पैसा असूनही भाव करणारी. त्या जाहिरातीतली कविता चौधरी पुढे १९८९ मध्ये ‘उडान’ घेऊन आली, लेखन आणि दिग्दर्शन तिचंच. भूमिका पोलीस अधिकारी कल्याणी सिंगची. गोष्ट बेतली होती थोरल्या बहिणीवर, आयपीएस झालेल्या आणि पुढे उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक बनलेल्या कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्यावर. म्हणजे एकाच चेहऱ्याने आधी डाग काढायला शिकवलं आणि मग तपास करायला. आमच्या घरात मात्र ती खाकीतही ललिताजीच राहिली. कांचन २०१९ मध्ये गेल्या, कविता २०२४ मध्ये.

त्या दिवसांत कॅमेरा दोनच प्रकारच्या वस्तूंच्या इतक्या जवळ जायचा. एक पुराव्याच्या, एक विकायच्या. काडेपेटी, दंतमंजनाचा डबा, तुटलेलं बटण, साबणाची वडी. जाहिरात संपून मालिका सुरू झाली तरी डोळ्यांची सवय तीच असायची: वस्तूकडे रोखून बघायचं, ती काहीतरी सांगणार आहे. आपण घरातल्या वस्तू एवढ्या लक्ष देऊन पाहिल्या त्या बहुधा तेव्हाच शेवटच्या. हल्लीच्या गुन्हेमालिकांत फोनचे कॉल रेकॉर्ड (सीडीआर) काढतात, टॉवर लोकेशन बघतात आणि सीसीटीव्हीचं फुटेज पुढे-मागे करतात. पुरावा एकाच वस्तूत सापडतो, खिशातल्या फोनमध्ये. जाहिरातीही तिथेच मुक्कामाला आहेत.

हिरवा सैतान

शिंगं, शेपटी, लांब नखं. ओनिडा टीव्हीचा. गोपी कुकडे आणि मंडळींनी घडवलेला, डेव्हिड व्हिटब्रेडने रंगवलेला. बाकी जाहिराती गुण सांगायच्या. ही गुन्ह्याचा हेतू सांगायची: शेजाऱ्याचा जळफळाट. पोलीस तपासात हेतूला केवढं महत्त्व असतं ते आम्हाला इथे कळलं. चाळीत पहिला रंगीत संच ज्यांच्याकडे आला, त्यांच्या गॅलरीतली कुंडी नंतर फुटलेली सापडली. तपास लागला नाही.

हॉटेलची काडेपेटी

वर नाव छापलेलं. खुनी ती प्रेताशेजारी विसरणार म्हणजे विसरणारच. दूरदर्शनवर सिगारेटची जाहिरात चालत नव्हती, खलनायकाने ओढलेली मात्र चालायची. उत्पादन दिसायचं ते असं, थोटकाच्या रूपात.

ग्रामोफोनची पिन, सायकलची घंटी

दोन्ही एकाच प्रकरणातल्या. बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ १९९३ मध्ये सुरू झाली. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित, आणि पुढे सत्यवतीच्या भूमिकेत आपली सुकन्या कुलकर्णी. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या कथा, जुनं कोलकाता, धोतर आणि जाकीट. एका कथेत माणसं भर रस्त्यात कोसळून मरतात आणि छातीत सापडते ग्रामोफोनची पिन. ती सुटते सायकलच्या घंटीतून. घंटी वाजते, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो आणि म्हणूनच कुणाला संशय येत नाही.

त्याच प्रकरणाची सुरुवात होते वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीपासून. तुमच्या वाटेतला काटा काढून हवा असेल तर अमुक ठिकाणी दिव्याच्या खांबाला टेकून उभे राहा, अशा अर्थाची. ब्योमकेशचं म्हणणंच असं, की वर्तमानपत्रातल्या खऱ्या बातम्या जाहिरातींच्या पानावर असतात, बाकी सगळा जागा भरायचा मजकूर. गुन्हेमालिका आणि जाहिरात यांचं इतकं उघड लग्न मी दुसरीकडे पाहिलं नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली. खुनी तेच होते. मधल्या जाहिराती नव्या होत्या आणि त्यामुळे काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं.

संशय

एका प्रकरणाचा उलगडा पुढच्या आठवड्यावर गेला की सात दिवस जिन्यात सुनावणी चालायची. कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा दर वेळी घरगड्यावर ठाम असायचे. बहुतेकांचं मत त्यांच्यासारखंच. मालकाचा मेहुणा, धाकटा भाऊ, फॅमिली डॉक्टर ही नावं आठवड्याच्या शेवटी शेवटी निघायची. लेखकांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते पहिल्या दहा मिनिटांत गड्याला अंधारात सुरी घेऊन उभा करायचे. तो कांदा चिरायला निघालेला असायचा. एवढ्या मालिका बघूनही आमची संशयाची दिशा बदलली नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो.

लिज्जतचा ससा

पापड खाऊन खिदळणारा. बोलका बाहुला रामदास पाध्यांचा, अर्धवटरावांच्या घरातला. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या पापडांसाठी. प्रेताचा पंचनामा चालू आहे, इतक्यात खंड पडून ससा हसतो. लहान मुलांना झोप लागायची ती या सशाच्या कृपेने.

गोल्ड स्पॉट

हे थंड पेय १९९३ मध्ये पार्लेने कोका-कोलाला विकलं. नंतर गायब. जबाबदार कोण, ते सगळ्यांना माहीत आहे.

प्रीमियर पद्मिनी

पाठलागाची गाडी. पुढे खलनायकाची, मागे इन्स्पेक्टरची, दोन्ही फियाटच. ‘हॅलो इन्स्पेक्टर’मधले रमेश भाटकर जीपमधून उतरायचे ते वेगळं, आणि उतरायचे असे की पोरांनी गॅलरीच्या कठड्यावरून तशा उड्या मारून पाहिल्या. पद्मिनी कुर्ल्याला बनायची. आरसा बाहेर, गिअर स्टिअरिंगपाशी, दार बंद करताना दणका. त्या दणक्यावरून कोण आलं ते आतल्या माणसाला कळायचं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली.

आपण यांना पाहिलंत का?

ही मालिका नव्हती, जाहिरातही नव्हती. बेपत्ता माणसांची माहिती. पडद्यावर एक फोटो, बहुतेक वेळा लग्नाच्या किंवा शाळेच्या गटातून कापलेला, म्हणून खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. निवेदिका वाचायची: वय अंदाजे, उंची, रंग गव्हाळ, बांधा सडपातळ, अंगात पांढरा बुशशर्ट आणि खाकी अर्धी विजार, मराठी व हिंदी बोलतो. आवाजात चढउतार नाही. मग पुढचा फोटो.

पाव तासाने करमचंद किंवा आणखी कुणी दुसऱ्या एखाद्या बेपत्ता माणसाला शोधून काढायचा. या फोटोतल्यांचं पुढे काय झालं ते कधीच सांगितलं गेलं नाही. सापडला, असं कळवायला कार्यक्रम नव्हता. आई भाजी निवडता निवडता थांबून प्रत्येक चेहरा बघायची, खुनाच्या मालिकेपेक्षा बारकाईने. आपल्याला कुणी स्टेशनवर दिसलं तर, म्हणायची. आज असे फोटो व्हॉट्सअॅपवर येतात आणि मूल घरी परत आल्यावरही कित्येक वर्षं फिरत राहतात.

व्यत्यय

पाटी. प्रक्षेपण तुटायचं ते नेमकं खुन्याचं नाव येणार त्या क्षणी. अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही.

विकोचा खटला

हळदीचं चंदनयुक्त क्रीम, गाण्यातच ठासून सांगितलेलं की हे सौंदर्यप्रसाधन नव्हे, आयुर्वेदिक आहे. लहानपणी वाटायचं, एवढं कशाला बजावतात? तर अबकारी खात्याशी भांडण चालू होतं: औषध म्हटलं तर कर कमी, प्रसाधन म्हटलं तर जास्त. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पेंढरकरांची कंपनी तो जिंकली. दूरदर्शनवरचे सगळे गुप्तहेर आपापली प्रकरणं अर्ध्या तासात किंवा फार तर दोन आठवड्यांत मिटवत होते. त्यांच्या मधल्या वेळेत गुणगुणला जाणारा हा खटला मात्र कित्येक वर्षं चालला. खऱ्या कोर्टाचा वेग दाखवणारा दूरदर्शनवरचा एकमेव ऐवज.

व्हीएचएस कॅसेट

मुंबई दूरदर्शनच्या जुन्या ध्वनिचित्रफिती बऱ्याचशा पुसल्या गेल्या. टेप महाग, एका कार्यक्रमावर दुसरा. काही कार्यक्रम उरले ते लोकांनी घरी कॅसेटवर उतरवून घेतले म्हणून. रेकॉर्ड करणारा शहाणा असेल तर जाहिरात आली की पॉझचं बटण दाबायचा. जो आळशी होता किंवा ज्याला मध्येच जेवायला हाक आली, त्याच्या कॅसेटवर जाहिराती राहिल्या. आज ज्या जुन्या जाहिराती बघून आपण हळवे होतो, त्यांतल्या कितीतरी या गलथानपणाने वाचल्या आहेत. जपणारे आणि निवडणारे यांनी हे काम केलेलं नाही. व्हीसीआर बनवणारी फुनाई ही जपानी कंपनी, तिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

दार

लाकडी, एका पानाचं, आतून कडी. ‘सीआयडी’तला दया ते खांद्याने पाडायचा. एका दणक्यात बिजागऱ्या सुटायच्या, कारण तशीच दारं असायची. आमच्या चाळीतलं दार तर वारा जोराचा असला तरी उघडायचं. मालिका १९९८ ला सुरू होऊन २०१८ ला थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. दया तोच आहे. समोर मात्र आता लोखंडी सेफ्टी डोअर, आत जाळीचं दुसरं दार, वर कॅमेरा, आणि खाली सोसायटीच्या गेटवर वॉचमन, जो एसीपी प्रद्युम्नलाही वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि कामाचं स्वरूप लिहायला लावील.